आठ पानांवर चालणारी आई

"आधी हात दाखव."

सर असं म्हणाले आणि मी दोन्ही हात पुढे केले. तळवे वर. मग त्यांनी उलटे करायला सांगितले, तेही केले. त्यांनी नखं बघितली. "हं. तरी धुऊन ये. मागे मोरी आहे." खोलीत आणखी चार जण होते. चौघेही टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरच्या कीबोर्डला हात लावत होते, एकाच्या मांडीवर तर वेफर्सची पिशवी फोडलेली होती. त्यांचे हात कोणी बघितले नाहीत. मी मागे गेले, हात धुतले. पुसायला काही नव्हतं म्हणून ओढणीला पुसले आणि परत येऊन उभी राहिले.

माझं वय तेव्हा अडतीस. मुलगी दहावीला बसलेली. मी हात दाखवत होते.

मला राग आला नाही, हे आधीच सांगून टाकते. मला वाटलं, बरोबर आहे, चाळीस वर्षांपूर्वीची वस्तू आहे, जपायला नको का. मी स्वतःची समजूत काढण्यात पहिल्यापासून हुशार. पण त्या दिवसापासून एक सवय लागली. त्या घरात कोणी काही बोललं की मी ते दोनदा ऐकायची. एकदा शब्द, आणि एकदा शब्दाच्या मागे काय आहे ते.

सर म्हणजे धाटावच्या एका कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ. रोह्यात बंगला. तरुणपणी परदेशात असताना त्यांनी घरगुती कॉम्प्युटर घेतला होता, टीव्हीला जोडायचा, कॅसेटवर प्रोग्रॅम साठवायचा. आता म्हणे जगभर लोक हे जुने कॉम्प्युटर जमवतात. सरांनीही सात-आठ जमवले होते. दर रविवारी सकाळी त्यांच्या हॉलमध्ये मंडळी जमायची. एक डॉक्टर, बाकी तिघे सरांसारखेच निवृत्त साहेब. जुन्या इंग्रजी मासिकांत छापलेले प्रोग्रॅम मशीनमध्ये घालायचे आणि चालवून बघायचे, हा त्यांचा खेळ. पण ते प्रोग्रॅम पानंच्या पानं असतात, नुसत्या आकड्यांच्या ओळी. ते टाइप कोण करणार? म्हणून मी.

मी रोह्याच्या बाजारात एका डीटीपीच्या दुकानात काम करते. लग्नपत्रिका, अर्ज, कार्यक्रमांचे बॅनर. बोटं चालतात माझी. सर दुकानात आले, मला टाइप करताना दहा मिनिटं बघितलं आणि मालकाला विचारलं, "तुमची ही मुलगी रविवारी मोकळी असते का?" मी समोर बसलेली. विचारलं मालकाला. मग माझ्याकडे वळून आडनाव विचारलं. ऐकल्यावर म्हणाले, "म्हणजे पेणकडची. खाडीवरची. मिठागरवाले तुम्ही." मी हो म्हटलं. "शिकायला मिळेल तुला," ते म्हणाले. तिथून पुढे मी कायम 'तू'. दुकानाचा मालक माझ्याहून सहा वर्षांनी लहान, तो 'तुम्ही'.

आम्ही राहतो अष्टमीला, पुलापलीकडे. नवरा धाटावला शिफ्टमध्ये. त्याला सांगितलं तेव्हा तो जेवत होता. मान वर न करता म्हणाला, "ते लोक फुकट काय देत नाय. जा, पण बघून रहा."

मी बघूनच राहिले. मी निघायच्या वेळी सर कॅसेटचा खण उघडायचे आणि आतल्या कॅसेट मोजायचे, मी दारात चपला घालत असताना, मोठ्याने. एक, दोन, तीन. बावीस. "बरोबर आहे," म्हणायचे. डॉक्टर हातात दोन कॅसेट घेऊन घरी जायचे, त्याला मोजणी नव्हती.

तरी मी जायचे. कारण खरंच शिकायला मिळत होतं. त्यांनी शिकवलं असं नाही. मशीनने शिकवलं. तुम्ही एक आकडा चुकीचा मारा, ते थांबतं आणि सांगतं, चूक या ओळीत आहे. कोणाची मुलगी, कुठली, काही विचारत नाही. ओळ दुरुस्त केली की पुढे जातं. मला असा शिक्षक आयुष्यात मिळाला नव्हता. आधी नुसतं टाइप करायची, मग एकेक ओळ काय करते ते कळायला लागलं. ही ओळ मागे उडी मारते. ही ओळ नुसतीच शंभरपर्यंत मोजते, वेळ काढायला. सहा महिन्यांत मला बेसिक, म्हणजे ते प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहितात ती, वाचता यायला लागली. मी कोणाला बोलले नाही. तिथे आपल्याला काय येतं ते लपवून ठेवलेलं बरं, हे कसं कोण जाणे मला आतून कळत होतं.

एका रविवारी मासिकातल्या एका प्रोग्रॅमने माझी झोपच उडवली. त्या कॉम्प्युटरमध्ये चित्राची आठ पानं मावतात. टीव्हीवर एका वेळी एकच पान दिसतं, बाकीची सात मागे असतात. समोर एक पान दाखवत ठेवायचं, आणि मागच्या पानांवर गुपचूप चित्रं काढायची. एकेक चित्र थोडं थोडं वेगळं. सगळी काढून झाली की पानं भराभर पुढे आणायची, एक-दोन-तीन-चार. चित्र हलायला लागतं. त्या प्रोग्रॅममध्ये एक पक्षी उडत होता. सगळे टाळ्या वाजवत होते. मी मात्र समोरचा पक्षी सोडून मागच्या पानांचा विचार करत बसले.

मी स्वतः करून बघायचं ठरवलं. पहिल्या वेळी घोळ केला. मागच्या पानावर काढायच्या ऐवजी समोरच्याच पानावर काढत सुटले. टीव्हीवर एकेक रेघ ओढली जाताना दिसते आहे, पुसली जाते आहे, सगळं नुसतं लुकलुकतंय. सर म्हणाले, "स्वयंपाकघर दिवाणखान्यात आणू नये." सगळे हसले. विनोद चांगला होता, मीही हसले. घरी पुलावरून चालत येताना मात्र त्याची चव वेगळी लागली.

काय काढायचं याचा विचार करावा लागला नाही. आई.

माझी आई तीस वर्षं मिठागरात होती, पेणच्या खाडीवर. आता ते मिठागर नाही, तिथे कोलंबीचे तलाव झालेत. आई सत्तरीची, भावाकडे गावातच असते. तिची चाल वेगळी आहे. आमच्या घरात तिच्या पावलांचा आवाज कधी आला नाही. ती आधी पंजा टेकवते, मग पाऊल सपाट करते. टाचेवर भार देतच नाही. मिठागरात काम केलेल्या सगळ्या बायका अशाच चालायच्या. मिठाच्या वाफ्याचा तळ पायांनी तुडवून तुडवून गुळगुळीत केलेला असतो, त्यात दिवस जातात. पाणी सुकून मीठ धरलं की त्यावरून टोपली घेऊन जायचं, पण टाच द्यायची नाही. टाच दिली की तळाला खड्डा पडतो, खालचा चिखल वर येतो आणि तिथलं मीठ काळं निघतं. लहानपणी मी एकदा धावत गेले होते वाफ्यात. आईने तिथेच पाठीत धपाटा घातला होता.

एसटीने गावी गेले. आईला अंगणात उभी केली, डोक्यावर रिकामी टोपली दिली आणि म्हटलं, चाल. मी फोनवर काढते.

"काय गो, बुजगावना करतेस काय माजा?"

"चाल ना, आई."

ती दोन पावलं चालली आणि थांबली. "हितं नाय जमाचा. पाय खालची जमीन बघून चालतो." मग तिनेच टोपली उतरवली, त्यात दोन विटा टाकल्या आणि परत डोक्यावर घेतली. "आथा बघ." भार आला आणि चाल आली. मान ताठ, कंबर जड, पंजा आधी. शेजारणी बघायला जमल्या. त्यातली एक म्हातारी मागून म्हणाली, "व्हय, आसाच." मला रडू आलं. का ते तेव्हा कळलं नाही.

तो व्हिडिओ थांबवून थांबवून मी आठ चित्रं निवडली. मुलीची गणिताची चौकटीची वही घेतली. एक चौकट म्हणजे टीव्हीवरचा एक ठिपका. आठ पानं, आठ आया. पावलांसाठी प्रत्येक पानाच्या दोन ओळी, आकड्यांच्या. अशा सोळा. त्या सोळा ओळींनी माझा जीव घेतला. कधी आई नाचायची, कधी लंगडायची. दुकानात पत्रिका लावताना माझ्या डोक्यात ते आकडे फिरत असायचे. नवऱ्याने विचारलं, "काय पुटपुटतेस?" म्हटलं, "आईचे पाय."

चार महिने गेले. रविवारी बाकीचे पोहे खायला आत गेले की मला अर्धा-पाऊण तास मिळायचा. तेवढ्यात टाइप करायचं, बघायचं, सरांनी दिलेल्या एका रिकाम्या कॅसेटवर भरायचं. पहिल्या ओळीत मशीन वाचत नाही अशी टीप लिहिता येते, माणसांसाठी. तिथे मी माझं नाव घातलं आणि आईचं नाव घातलं.

मग एके दिवशी चाललं. समोर अक्षरांचा पडदा, तो चित्रांच्या आठ पानांहून वेगळा असतो, त्यावर नुसतं 'थांबा' लिहिलेलं, मागे मशीन चित्रं काढतंय. बेसिक सावकाश असतं, आठ पानं काढायला चार मिनिटं लागतात, तोवर समोर काही हलत नाही. आणि मग आई चालायला लागली. हिरव्या पडद्यावर काळी आई, डोक्यावर टोपली. आवाज न करता.

पोहे खाऊन मंडळी बाहेर आली आणि बघत उभी राहिली. मग डॉक्टर म्हणाले, "हे कुठून उतरवलं?"

"मी केलं."

"एकटीने?"

सर पुढे आले. "फोन दे बघू तुझा."

मी दिला. हे मी मुद्दाम लिहिते आहे. कोणी हिसकावला नाही. त्यांनी हात पुढे केला आणि मी लॉक उघडून दिला. त्यांनी मी इंटरनेटवर काय काय बघितलं ते तपासलं. फोटो बघितले. माझे, मुलीचे, घरातले. मग तो अंगणातला व्हिडिओ सापडला. डॉक्टर वाकून बघत म्हणाले, "ही मॉडेल का?" आणि हसले. विटांची टोपली घेतलेली माझी आई त्या पाच जणांच्या मध्ये फोनवर चालत होती. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. हात दाखवल्याची एवढी वाटत नाही.

चोरी सापडली नाही. तेव्हा चूक सापडली.

"चाल चुकली आहे," सर म्हणाले. "माणूस आधी टाच टेकवतो, मग पंजा. हे कुठल्याही पुस्तकात आहे. हिला टाचच नाही."

मी म्हटलं, "मिठागरात नाही टेकवत, सर."

"आपण मिठागर दाखवत नाही आहोत. चाल दाखवतो आहोत."

मग ते एकदम मऊ आवाजात म्हणाले, "पण प्रयत्न चांगला आहे. पुढच्या महिन्यात आपलं प्रदर्शन आहे, त्यात ठेवू. कॅसेट माझ्याकडे राहू दे."

मऊ आवाज ऐकल्यावर मी सावध व्हायला हवं होतं. झालेही. तरी मी कॅसेट काढली आणि दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिली. दुसरी प्रत नव्हती. कॅसेटची दुसरी प्रत करायला दहा मिनिटं लागतात, आणि ती करून घ्यावी हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. का आलं नाही याचा मी नंतर खूप विचार केला. आमच्याकडे मिठाची रास उभी राहिली, तिच्यावर नारळाच्या झावळ्यांचे झाप घातले, की मजूर तिच्याकडे पाठ करतो. रास मालकाची. मूठभर मीठसुद्धा घरी न्यायचं तर मुकादमाला विचारायचं. आई तशी, आजी तशी. मी शिकले, शहरात आले, नोकरी करते, पण काम पुरं झालं की ते दुसऱ्याच्या हवाली करायचं आणि हात झटकायचे, हे माझ्या अंगातून गेलं नव्हतं. सरांनी माझ्याकडून काही काढून घेतलं नाही. मीच रास लावून दिली.

प्रदर्शन एका मंगल कार्यालयात होतं. मी आईला आदल्या दिवशी अष्टमीला घेऊन आले. तिला सांगितलं, तुला टीव्हीवर स्वतःला बघायचंय. तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं. पुलावरून चालत गेलो. वाटेत दोनदा थांबून तिने विचारलं, "तिकडं मना कोन काय बोलनार नाय ना गो?" मी म्हटलं, "कोण बोलणार? तुझंच चित्र आहे."

टेबलं लावलेली, प्रत्येकावर एक जुना कॉम्प्युटर, समोर छापील पाटी. आमच्या टेबलावर टीव्ही चालू होता. पाटीवर वर सरांचं पूर्ण नाव, पदव्यांसकट. त्याखाली 'संकल्पना आणि प्रोग्रॅम'. सगळ्यात खाली 'टंकलेखन साहाय्य' आणि माझं पहिलं नाव. आडनाव नाही. लग्नपत्रिकेत आचाऱ्याचंसुद्धा आडनाव घालतात.

मी पाटी वाचत होते तेव्हा आई पडद्याकडे बघत होती. तिला वाचता येत नाही. ती पाय बघत होती.

"ही कोन?"

"आई, तूच."

"मी नाय." ती आणखी जवळ गेली. "टाच देते ही. सगला मीठ काला करल. मुकादमानं दुसऱ्या दिवशी उभी नसती केली हिला."

मी बघितलं. खरंच. आई टाच टेकवत चालत होती. ताडताड. डोक्यावर टोपली तीच, मान तीच, लुगडं तेच. पाय दुसऱ्या कोणाचे. कोणीतरी माझ्या सोळा ओळी बदलून त्यांच्या पुस्तकातले पाय लावले होते.

आजूबाजूचे चार लोक हसले. सर आले. पांढरा शुभ्र कुर्ता. आई काय म्हणाली ते कोणीतरी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "आजी, हे शास्त्रीय पद्धतीने केलेलं आहे."

आईने त्यांच्याकडे नीट बघितलं. तिच्या आवाजात भांडण नव्हतं, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "तुमी कवा मीठ वढलाव?"

सर माझ्याकडे वळले. "यांना मागच्या बाजूला घेऊन जा. प्रमुख पाहुणे येतायत. चहा दे मागे, जेवणाच्या हॉलमध्ये. मागच्या दारानेच ने." आणि गुच्छ घेऊन फाटकाकडे निघून गेले.

आई निघालीसुद्धा. तिला 'मागे' हा शब्द दोनदा ऐकावा लागत नाही. लुगड्याचा पदर सारखा करून ती पंजावर पंजा टाकत भिंतीकडेने चालायला लागली, आवाज न करता. आणि मला तिच्या चालीचा तेव्हा भयंकर राग आला. त्या चालीचं मी चार महिने कौतुक केलं होतं. मीठ काळं होऊ नये म्हणून शिकलेली चाल, ती आता माणसांना आपली चाहूल लागू नये म्हणून चालत होती.

मी जाऊन तिचा दंड धरला. "आई, कुठं नाही जायचं. इथं बस." टेबलाशेजारची खुर्ची ओढली. पाहुण्यांसाठी होती, वर पांढरं कापड घातलेलं. बसवली.

मग मी कीबोर्डसमोर बसले आणि ब्रेकची कळ दाबली. चालणं थांबलं.

सोळा ओळी मला पाठ होत्या. मी एकेक ओळ मारायला लागले. डॉक्टर आले. "काय करतेस?" मी उत्तर दिलं नाही. त्यांना उत्तर न देण्याची ही माझी पहिली वेळ. ते थोडा वेळ उभे राहिले आणि सरांना शोधायला गेले. पाहुण्यांची गाडी नागोठण्याजवळ अडकली होती म्हणे, म्हणून मला वेळ मिळाला. सोळावी ओळ झाली. मग पहिली ओळ. तिथली आमची नावं पुसलेली होतीच. ती परत घातली, आधी आईचं, मग माझं, आडनावासकट. प्रोग्रॅम चालू केला.

समोर 'थांबा'. मागे मशीन काढतंय. मी मनात मोजत होते. अर्ध्या मिनिटाला एक पान. एक. दोन. आईला म्हटलं, "थांब, आता येशील." तीन. चार. फाटकाकडे गडबड झाली, पाहुणे आले. पाच. सर तरातरा आले. पडद्यावर काही हलत नव्हतं.

"काय केलंस हे?"

"पानं काढतंय, सर. तीन राहिली. दीड मिनिट."

"काही काढत नाहीये. दिसत नाही का, बंद पडलंय!"

सहा. "मागे काढतंय," मी म्हटलं. "दिसत नाही म्हणजे होत नाही असं नाही."

त्यांनी वाकून भिंतीतली पिन ओढली.

या मशीनला वीज गेली की काही आठवत नाही. सहा पानं गेली, सातवं अर्धं असेल तेही गेलं. शांत व्हावं असं काही घडलं नव्हतं, पण मी तेव्हा शांत झाले. ज्यांनी मला पानं पुढेमागे करण्याचा खेळ दाखवला, त्यांनाच मागच्या पानावर काम चालू असतं हे मान्य नव्हतं. माझ्या आईच्या तीस वर्षांचं त्यांच्या लेखी असंच झालं असणार. समोर जेवढं दिसतं तेवढंच काम. ते मीठ जेवणात रोज खात होते, पण ते कुठून येतं, कोणाच्या पायाने येतं, ते त्यांच्या पडद्यावर कधी आलंच नाही. आणि आलं तेव्हा त्यांनी त्याचे पाय बदलले.

सरांनी पिन परत लावली. खिशातून कॅसेट काढून माझ्यासमोर धरली. "लाव. लवकर लाव. पाहुणे दोन टेबलं सोडून आहेत."

त्या कॅसेट प्लेअरचं आवाजाचं बटण एका ठरावीक जागी ठेवावं लागतं, केसभर इकडे-तिकडे झालं तर मशीन वाचत नाही. ती जागा माझ्या बोटांना पहिल्या झटक्यात सापडायची, बाकीच्यांना अर्धा-अर्धा तास खटपट करावी लागायची. त्यांना हे ठाऊक होतं.

"नाही लावणार."

"काय?"

"मी नाही लावणार. तुम्ही लावा."

शूर वगैरे काही नव्हते मी. पण हात मांडीवर होते आणि मी ते उचलले नाहीत. सरांनी स्वतः लावली. प्लेअर किंचाळला, मशीनने चूक दाखवली. परत लावली, परत चूक. पाहुणे आले, नुसत्या हिरव्या पडद्याकडे बघून हसले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. त्यातल्या एकाने आईला नमस्कार केला, खुर्चीवर बसलेली बघून तिला कोणी मोठी बाई समजला असावा. आईने बसल्या बसल्या मान डोलावली.

जाताना पुढच्या दाराने गेलो. पुलावर आई म्हणाली, "नोकरी गेली काय गो तुजी?"

"नोकरी नव्हतीच ती."

"मंग रडतेस कशाला?"

चार महिन्यांचं काम डोळ्यांसमोर गेलं होतं, आणि त्याहून जास्त म्हणजे अडतीस वर्षं मी ज्याला त्याला हात दाखवत आले होते. ते सगळं एकदम आलं.

आठ दिवसांनी सरांचा निरोप आला, फोनवर, लांबलचक. झालं गेलं विसरू. तुझ्यात गुण आहेत. पुढचं प्रदर्शन पुण्याला आहे. तू चौकटीची वही घेऊन ये, सगळ्यांसमोर दिलगिरी व्यक्त कर, मग पाटीवर तुझं पूर्ण नाव घालायचा विचार करू. मी तो निरोप माझ्या सवयीप्रमाणे दोनदा वाचला. पहिल्यांदा गुण, पुणे, नाव. दुसऱ्यांदा वही. त्यांना वही हवी होती. कॅसेटवर त्यांनी पुस्तकातले पाय भरले होते, माझे आता वहीतच उरले होते. पुण्याच्या प्रदर्शनात कोणीतरी मिठागर बघितलेला माणूस भेटला तर पाय बरोबर असावेत, एवढंच. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "जाशील काय?" माझ्यावर त्याचाही विश्वास नव्हता. बरोबरच आहे, आजवर मी प्रत्येक वेळी गेले होते.

मी उत्तर लिहिलं. दुकानात बसून, मोठ्या अक्षरात, एकदाही न खोडता.

"वही देणार नाही. दिलगिरी मी व्यक्त करणार नाही. माझ्या आईला तुम्ही मागच्या दाराने जायला सांगितलंत. त्याबद्दल तुम्ही आमच्या गावी या, तिच्या अंगणात, शेजारणींसमोर, आणि तिची माफी मागा. ती एकदा मागितलीत की मग माझं नाव तुमच्या पाटीवर घालू द्यायचं की नाही याचा विचार मी करीन."

उत्तर आलं नाही. येणार नाही. मला त्याची गरज नाही.

दुकानातल्या कॉम्प्युटरवर जुनं मशीन जसंच्या तसं चालवणारा प्रोग्रॅम मिळतो, फुकट. फुकट म्हटल्यावर मी तोही आधी आठ दिवस तपासला. मालकाला विचारलं नाही, सांगितलं. दुपारी दुकान रिकामं असतं तेव्हा मी बसते. वहीतली चौथी आई झाली आहे, आज पाचवी घेतली. प्रत्येक ओळीच्या तीन प्रती करते आणि तिन्ही माझ्याजवळ ठेवते. हे कुठे दाखवायचं ते मी ठरवीन. कोणाला दाखवायचं तेही मीच. आणि ज्याला बघायचं असेल त्याने चार मिनिटं थांबायचं, आठही पानं पुरी होईपर्यंत. मध्ये कोणी पिनेकडे हात नेला, तर तो हात मी धरणार आहे.